चेहऱ्यापुरतं लाकूड

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र परवा आलं. मी गोठा धूत होते, हात भरलेले, म्हणून पोस्टमनलाच म्हटलं, खिडकीत ठेवा. पाकिटावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. अजूनही ओळ सोडून पळतंच तुझं अक्षर. मग मी उगाचच चार बादल्या जास्त पाणी मारलं आणि गोठा इतका लखलखीत केला, की गाई आत यायला बिचकल्या.

फोन केला होतास असं लिहिलंयस. वाजला होता खरा. पण फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. समोरच्याला हो-हो करता करता माझं सांगायचं तसंच राहतं. पत्र बरं. तू घर सोडल्याला चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत आपली पत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा तू दोन ओळींचं कार्ड टाकलंस, त्यालाही आता तीन वर्षं होतील. त्यानंतर हेच.

तर तू पेपरात फोटो पाहिलास. संग्रहालयाच्या बाईंनी तो परस्पर छापायला दिला, मला विचारलंसुद्धा नाही. बाबांचं सगळं लाकडी शेत त्या शहरात नेणार आहेत. एक अख्खी खोली, मधोमध काच. त्यांनी मला यादी करायला बसवलंय. बासष्ट नग भरले. एका शिंगाची तांबडी गाय. कोंबड्यांना दाणे टाकणारी आई. पेंढ्यांवर तोंड उघडं टाकून झोपलेले काका. गुरांचे डॉक्टर, कोपरापर्यंत हात गाईच्या पोटात, आणि चेहरा असा की खोल पिशवीत किल्ली शोधताहेत. गाय आणि तिची धार काढणारी मी, हा एक नग. आणि सांडत्या बादलीसकट पळणारी तू, नंबर एक्केचाळीस.

फोटो तुझाच छापला. साहजिकच आहे. आम्ही सगळे कामात मान घालून बसलेले, तू तेवढी पळतेस.

तू विचारलंयस, 'ताई, बाबांनी शेवटी माझा चेहरा केला. म्हणजे मला माफ केलं होतं ना?' पुढची ओळ पाण्याने पसरलीय. वाचता आली नाही, पण कळली.

हो. बाबांनीच केला, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात. माफ केलं होतं असंच समज.

इकडे यायची घाई करू नकोस. रस्ता उखडून ठेवलाय आणि घरभर खोकी पडलीत, बसायलाही जागा नाही. संग्रहालयात सगळं मांडून झालं की नीट उजेडात बघ. मुलीलाही दाखव. तिने तो फोटो स्वयंपाकघरात चिकटवलाय, हे वाचून बरं वाटलं. बरं म्हणजे, असो.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

चार पानं. आणि त्यात अकरा प्रश्न. मी मोजले. लहानपणी तू अशीच माझ्या मागे मागे फिरायचीस, आणि शेवटी मी वैतागून काहीतरी ठोकून द्यायचे, की तू गप्प.

तर क्रमाने सांगते. बाबा माणसाचं अंग आठवणीतून करायचे आणि चेहरा मात्र माणूस समोर बसवूनच, हे मला सांगायची गरज नाही. त्या तीनपायी स्टुलावर अख्खं गाव बसून गेलंय, आणि हलू नका, हलू नका हे ऐकून सगळ्यांचे कान किटलेत. तुला चारदा बसवलं, चारदा तू पाच मिनिटांत उठून पळालीस. म्हणून तू सतरा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझी बाहुली बिनचेहऱ्याची राहिली, मानेवर नुसता लाकडाचा गोळा. सगळं मान्य. पण आजारी माणूस नियम मोडतो. केला आठवणीतून, त्यात काय एवढं.

हनुवटी तुझ्यासारखी वाटत नाही म्हणतेस. पेपरातल्या फोटोत कुणाची हनुवटी धड येते?

आणि ते लाकडाचं. तू गेलीस त्या वर्षी मी तुला लिहिलं होतं, की बाबांनी तुझ्या चेहऱ्यासाठी राखलेलं लाकूड तासून सपाट केलं, आता येऊ नकोस. तू ते पत्र अजून जपून ठेवलंयस. अशा गोष्टी जपायच्या असतात का गं? आता विचारतेस, तासलेल्या लाकडावर चेहरा आला कुठून. बाबांची मुलगी आहेस, तुला लाकूड कळतं, हीच पंचाईत. लाकूड कमी करता येतं, वाढवता येत नाही, ठाऊक आहे मला. थोडं शिल्लक होतं. तेवढ्यात भागवलं त्यांनी.

तू तिकडे बसून प्रश्न विचारतेस. इथे काय चाललं होतं ते मी पाहिलंय. दोन वर्षं बाबा खाटेवर. त्यांचे हात इतके कापायचे की चमचा मी धरायचे, बटणं मी लावायचे. सहा गाई, त्यातली एक मारकुटी. काकांचा उपयोग तुला माहीतच आहे, ते अजूनही पेंढ्यांवरच झोपतात. तेव्हा अमुक दिवशी बाबा काय म्हणाले नि कोणत्या कोरणीने नाक काढलं, हे मला आठवत नाही.

हात कापायचे, पण हत्यार धरलं की थांबायचे. नाहीतर तू तेही विचारशील.

तांबडीच्या नातीला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे.

ताई


२ मार्च

भिंगरी,

तू लिहिलंस, की हल्ली तुला झोप लागते. मुलीला तू रोज सांगतेस, हे तुझ्या आजोबांच्या हातचं आहे, बघ किती प्रेमाने केलंय. उद्घाटनाला तुम्ही तिघंही येणार. तुझा पंपवालासुद्धा येतो म्हणतोय. आपल्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला आलेला आणि तुला घेऊन गेलेला माणूस, चौदा वर्षांत त्याने या दिशेला तोंड केलं नाही, आणि आता लाकडाच्या बाहुलीपुढे उभं राहायला निघालाय.

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. आज सकाळी दूध उतू गेलं, बघत उभी होते आणि उतू गेलं.

तो चेहरा बाबांनी केलेला नाही. मी केलाय.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तर तसंही नाही.

झालं असं. गेल्या पावसाळ्यानंतर संग्रहालयाच्या बाई पहिल्यांदा आल्या. वही घेऊन एकेक नग बघत होत्या, वास घेत होत्या, आई आणि कोंबड्यांपाशी तर खालीच बसल्या. मग तुझ्यापाशी थांबल्या. हिचा चेहरा कुठाय, म्हणाल्या. मी म्हटलं, राहिलाय. का राहिलाय? आता त्यांना काय सांगणार. सगळं सांगायचं तर कुठून सुरू करणार. त्यांनी वहीत लिहिलं, अपूर्ण, आणि म्हणाल्या की अपूर्ण नग काचेत ठेवत नाहीत, मागच्या कपाटात जातील. मी पटकन म्हणून गेले, दुसरी आहे, चेहरा केलेली, आत ठेवलीय, तेल लावायचंय. कुठून सुचलं देव जाणे. त्या म्हणाल्या, मग पुढच्या खेपेला बघते.

मी बाबांच्या हाताखाली तीस वर्षं लाकूड धरलंय. ओबडधोबड काम मला येतं. गाईचे पाय, कुंपण, पेंढ्या, त्यातलं निम्मं माझंच आहे, ते काही कुणाला सांगायचं नसतं. चेहरा कधी केला नव्हता. तीन दुपारी बसले. गोठ्याशेजारची पत्र्याची खोली, तेच टेबल, बाबांची बारीक कोरणी.

आणि भिंगरी, तुझा चेहरा मला आठवेना.

खरं सांगते. डोळे मिटले की तुझी पाठ दिसायची, वेणी दिसायची, दाराबाहेर जाणारी टाच दिसायची. चेहरा काही केल्या येईना. घरात तुझा एकही फोटो नाही, तूच सगळे नेलेस. शेवटी तेलाच्या डब्याला आरसा टेकवला आणि स्वतःकडे बघून कोरलं. म्हटलं, बहिणी आहोत, नाक एकाच साच्यातलं, तीस वर्षं कमी केली की झालं. म्हणून हनुवटी तुझ्यासारखी नाही. ती माझी आहे. तू पेपरातल्या त्या धुरकट फोटोत ओळखलीस.

तुतीचं लाकूड ताजं कापलं की लिंबासारखं पिवळं असतं आणि वर्षांनी तपकिरी होतं, तुला माहीत आहे. तुझं अंग वीस वर्षांचं, चांगलं मुरलेलं, आणि त्यावर हा पिवळाधमक चेहरा. कावीळ झाल्यासारखी दिसत होतीस. कडक चहा केला, फडक्याने लावला. वाळला की पुन्हा. चार हात दिले, मग जवसाचं तेल. बाईंनी दुसऱ्या खेपेला हातात धरून बघितली आणि डोळ्यांत पाणी आणलं. काय हात होता तुमच्या वडिलांचा, म्हणाल्या. बिनचेहऱ्याची कुठे गेली, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

लाकडाचं मात्र आत्ता विचारू नकोस.

ताई


५ मार्च

भिंगरी,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. वाट बघितली तर पुन्हा काहीतरी रचून सांगेन, मला माझी खोड माहीत आहे.

बाबांनी ते लाकूड कधीच तासलं नव्हतं.

तू गेलीस त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, तिचं नाव काढू नका या घरात. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनीच दोनदा तुझं नाव काढलं, एकदा बादली सापडेना म्हणून आणि एकदा काहीच कारण नसताना. आठ दिवसांनी तुझं पत्र माझ्या नावावर आलं, की येऊ का, बाबा दारात उभं करतील का. ते पत्र मी त्यांना दाखवलं नाही. उत्तर लिहिलं, लाकूड तासून टाकलंय, येऊ नकोस. मला ठाऊक होतं, दुसरं काहीही लिहिलं असतं तर तू आली असतीस, शिव्या खायला का होईना आली असतीस. पण लाकडाचं वाचलंस की तुला कळणार, की आता परत काही होत नाही. आपल्या घरात ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

बाबांनी तुझी बाहुली खिडकीत ठेवली, स्टुलासमोर. वर्षाच्या वर्षाला तेल लावायचे, चेहऱ्याच्या गोळ्याला सोडून. तिथे तेल लावलं तर कोरताना हत्यार घसरतं, म्हणायचे. मी ऐकायचे आणि धार काढायला जायचे.

शेवटच्या वर्षी त्यांना अक्षर काढता येईना आणि फोनवर ऐकू येईना. मला म्हणाले, तिला लिही. दोन तासांचं काम आहे, येऊन बस म्हणावं, बाकी काही बोलायचं नाही. मी म्हटलं, लिहिते.

आठवड्याने विचारलं, लिहिलंस का? मी म्हटलं, लिहिलं.

मग रोज पोस्टमनची घंटा वाजली की मान वर करायचे. काही आलं का? नाही बाबा. रागावली असेल, म्हणायचे, तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय. आणि बारीक कोरणी मागून घ्यायचे, धारदगडावर घासत बसायचे. चमचा धरताना कापणारा हात तेव्हा खरंच थांबायचा, ते तेवढं मी तुला खोटं सांगितलं नव्हतं. सहा महिने त्या कोरणीला रोज धार लावली त्यांनी. शेवटी ती घासून करंगळीएवढी राहिली. त्याच कोरणीने मी माझा चेहरा तुझ्या मानेवर कोरला.

ते गेले त्याचं पत्रही मी साध्या टपालाने टाकलं. तार केली असती, फोन केला असता, तर तू पोचली असतीस. मला तू पोचायला नको होतीस. लोकांसमोर तू विचारलं असतंस, बाबा माझ्याबद्दल काय म्हणाले, आणि काका झोपेतून उठून खरं बोलले असते.

का केलं, हे तू विचारशील. मी स्वतःला पुष्कळ उत्तरं देऊन पाहिली. तुझी काळजी होती, बाबांची तब्येत होती. सगळ्या थापा. खरं कारण इतकं बारीक आहे की लिहायची लाज वाटते.

आठवतो ना तो नग, गाय आणि मी? पाठ वाकलेली, पायांत बादली, आणि डोकं गाईच्या कुशीत घुसवलेलं. कुठूनही बघ, माझं तोंड दिसत नाही. केसांचा बुचडा दिसतो. बाबांनी काकांचा चेहरा केला, डॉक्टरांचा केला, पिठाच्या गिरणीवाल्याचा त्याच्या चामखिळीसकट केला. मला मात्र स्टुलावर कधी बसवलंच नाही. एकदाही नाही. तुला चारदा बसवलं आणि तू पळालीस, तरी तुझ्यासाठी लाकूड राखून ठेवलं. मी घर सोडलं नाही, लग्न केलं नाही, पहाटेपासून बादल्या उचलल्या, आणि माझ्या वाट्याला बुचडा. ज्या दिवशी ते म्हणाले ना, तिला लिही, त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बसा वाट बघत.

बाबा वाट बघत गेले, भिंगरी. आणि तुझी चौदा वर्षं मी खाल्ली. याला माफी नाही, मी मागत पण नाही. तू मुलीला जे सांगतेस ते निम्मं खोटं आहे, पण निम्मं खरं आहे हेही तिला सांग. चेहरा खोटा आहे. माफी खरी होती.

ताई


२३ मार्च

भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. 'दोन्ही पत्रं मिळाली. आता लिहू नकोस.' खाली नावसुद्धा नाही. बरोबर आहे तुझं. मी ते कार्ड खिडकीत ठेवलंय आणि येता-जाता बघते.

तरी लिहितेय. हे वाच, मग फाडून टाक. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवल्यावर हेही लपवता येत नाही.

काल संग्रहालयाची माणसं सामान बांधायला आली. बांधणारा साठीचा असेल, मितभाषी, हातमोजे घातलेला. एकेक नग उचलायचा, हलवून बघायचा, कुठे काही सैल आहे का, आणि मग कापडात गुंडाळायचा. मी यादी धरून उभी. गाय आणि मी, नंबर सतरा. त्याने उचललं, कानाशी धरून हलवलं, आणि म्हणाला, "बाई, हे दोन आहेत."

मी म्हटलं, एकच आहे, यादीत बघा.

"नाही, ही सुटी आहे," म्हणाला, आणि त्याने मला गाईपासून ओढून काढलं.

बाबा सरस वापरायचे नाहीत, सगळं खुंटीवर बसवायचे, हे मला माहीत होतं. कुंपणाच्या खुंट्या मीच तासल्यात. पण हा नग मी कधी ओढून पाहिला नाही. तीस वर्षं वरून ब्रशने धूळ झटकली आणि तोंड फिरवलं. त्या माणसाने ती माझ्या तळहातावर ठेवली, उताणी.

तिला चेहरा आहे.

सगळा चेहरा आहे, भिंगरी. गाईला टेकलेला उजवा गाल किंचित दबलेला. डोळे मिटलेले. ओठ जरासे उघडे, कारण मी धार काढताना गाईशी बोलते. कपाळावर सुटलेली बट आहे. पुढच्या दातांमधली फट आहे, तांदळाच्या दाण्याएवढ्या तोंडात त्यांनी फट दाखवलीय. कुणाला कधी दिसणार नव्हतं ते सगळं करून त्यांनी गाईच्या कुशीत ठेवून दिलं. बासष्टांमध्ये असा चेहरा दुसरा नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. आईचाही असा नाही.

आणि मग मला आठवलं. मी एकोणीस-वीसची असेन. त्या हिवाळ्यात बाबा रोज पहाटे स्टूल घेऊन गोठ्यात येऊन बसायचे. माझ्या बाजूला नाही, गाईच्या पलीकडे. म्हणायचे, इथे ऊब असते, गुडघ्याला बरं वाटतं. मला राग यायचा. एक तर जागा कमी, त्यात हे पायात. मी धार काढत पुटपुटायचे आणि ते गाईच्या पोटाखालून बघत बसायचे. मला वाटायचं, बादली बघताहेत. अख्खा हिवाळा ते माझ्यासमोर बसले होते. मला स्टुलावर बसवायची त्यांना गरजच नव्हती, मी रोज आपोआप बसत होते आणि हलत नव्हते.

सांगितलं का नाही म्हणून काल मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा. मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय जातंय. पण मी विचारलं कधी? तीस वर्षांत एकदा तरी म्हटलं असतं, बाबा, मला का नाही चेहरा, तर त्यांनी ती ओढून हातात दिली असती. मी मनात ठेवलं, आणि त्याची शिक्षा तुला दिली. ज्याच्यासाठी तुझी चौदा वर्षं गेली ते माझ्याजवळ होतंच. काल बांधणारा माणूस समोर होता म्हणून मी उभी राहिले. तो खूप वेळ यादीकडे बघत राहिला, भला माणूस होता. मग म्हणाला, त्रेसष्ट करू का? मी म्हटलं, करा.

नंतर बाईंना फोन केला. हो, मी फोन केला. सांगितलं की एक्केचाळीसचा चेहरा माझा आहे, म्हणजे मी केलाय, चहा लावलाय, तुम्हाला फसवलं. त्यांनी वहीची पानं उलटली, फोनवर ऐकू आली. मग म्हणाल्या, तर तो नग नेता येणार नाही. मी म्हटलं, नेऊच नका, तो झालेला नाही. काचेत त्याची जागा पावसाळ्यापर्यंत रिकामी ठेवते म्हणाल्या, त्यापुढे नाही.

बाकी सगळे गेले. खोली ओकीबोकी दिसतेय. काका विचारताहेत, मी पण गेलो का.

आज दुपारी टेबलाशी बसले आणि त्या करंगळीएवढ्या कोरणीने माझा चेहरा तुझ्या मानेवरून उतरवला. हनुवटी आधी. पातळ पातळ साली निघाल्या, वरून चहाच्या रंगाच्या, आतून पिवळ्या. जपून काढलं, कारण जे गेलं ते गेलं. मग मापलं. चेहऱ्यापुरतं लाकूड अजून आहे, भिंगरी. पूर्वीइतकं नाही. तुझा चेहरा अंगाच्या मानाने थोडा लहान येईल, आणि नाक जरा बसकं करावं लागेल. त्याला मी जबाबदार आहे. पण येईल.

बाबा नाहीत. माझा हात त्यांच्यासारखा नाही, तू पाहिलंसच. पण या खेपेला आरसा ठेवणार नाही, आणि चहाही लावणार नाही. चार-पाच वर्षं पिवळा दिसेल. दिसू दे. बघणाऱ्याला कळू दे की हा नंतरचा आहे, दुसऱ्या हातचा आहे.

तू लिहू नकोस म्हणालीस, येऊ नकोस असं मी कधीतरी म्हणाले होते. ते माझं वाक्य मी परत घेते. येणं न येणं तुझ्यावर. रस्ता उखडलेला नाही, कधीच नव्हता. स्टूल खिडकीपाशी आहे, बाबांनी ठेवलं होतं तिथेच. एक पाय डुगडुगत होता, त्याला आज पाचर मारली.

दोन तासांचं काम आहे. बाबा म्हणाले होते, बाकी काही बोलायचं नाही. माझ्या बाबतीत ती अट नाही, तू वाटेल ते बोल. चौदा वर्षांचं सगळं बोल, मुलीसमोर बोल, पंपवाल्यासमोर बोल. मी मान खाली घालणार नाही, कारण मला तुझ्याकडे बघावं लागेल. शिव्या दे. फक्त बसून दे, आणि देताना मान हलवू नकोस.

ताई